मिशावाल्याच्या महालक्ष्म्या

घर इकाले काढलं का लोक पाटी बाहीर लावतेत. या बुढ्यानं घराच्या आतून लावली होती. मधल्या खोलीत, भित्तीवरच्या घडीच्या खाली, एक पुठ्ठं. मले वाचता येत नाई. पोरगी संग होती, तिनं वाचलं, "घर विकणे आहे."

मी म्हनलं, "काहो फिटरदादा, आतून कोनाले दिसन हे?"

"ज्याले घर पाह्यजे तो अंदर येते," तो म्हने. "ज्याले जागा पाह्यजे तो रस्त्यावरूनच भाव इचारते. रस्त्यावरच्याशी काय बोलाचं?"

मी चाट पडली. त्या मानसाच्या पायी चाट पडाची ते काई माही पयली खेप नव्हती, अन् आखरीची बी नव्हती.

मलकापुरात एका जिनिंगवर तो जनमभर फिटर होता, म्हून सारे त्याले फिटरच म्हनत. नाव मी कदी इचारलं नाई. त्यानं माहं इचारलं नाई. उंच, हाडाडा मानूस, अन् मिशा अशा का दोन्ही गालावर मांजराच्या शेपट्या ठेवल्या. घर बाजाराच्या मांगं, भाजीच्या वट्ट्यापासून पाच मिन्टाच्या वाटेवर. चार घरं एका लाइनीत, एकाले एक चिकटून, मधातली भित्त दोघाइची. पयले म्हने एकच घर होतं ते. मंग भाऊ वायले झाले, मधात भित्ती घातल्या, चार दरवाजे फोडले. कोपऱ्याचं बुढ्याचं. त्याले लागून लहान्या भावाचं, मंग दोन चुलतभावाचे.

मी मोताळ्याकडची. नवरा हिरीत पडून मेला तवा मी तीस वर्साची बी नसन. पदरात दोन पोरी. देरानं आमाले गोठ्यात टाकलं. पोरी तिथंच वाढल्या, त्याईचे लगनं बी तिथूनच झाले. पहाटची यष्टी धरून मलकापुरात भाजी इकाची, संध्याकाळच्या यष्टीनं वापस. यष्टी हुकली तं वट्ट्यावर पोतं पांघरून पडाचं. रडली नाई मी. रडाले येळ कोनाले होता? पन मले एक गोष्ट पाह्यजे होती. कडी असलेला दरवाजा. आतून लावाची कडी. गोठ्याले कडी नसते.

मंग गुडघे गेले. अन् माह्या हिश्श्याचं वावर कॅनॉलमदी गेलं, त्याचा मोबदला आला. पोरी म्हने, "माय, आता यष्टी बंद. बाजाराजवळ घर घे." नवे घरं सारे गावाबाहीर, तिथून बाजारात याचं तं आटो लागे. मंग वट्ट्यावर आयकलं, फिटरनं घर काढलं म्हून. पन देत कोनाले नाई. आलेल्याले हाकलूनच देते.

फिटर माह्या वळखीचा होता. वर्सानुवर्स माह्यापासून भाजी घे. दुसरे लोक किलो-पाव मागत, हा नंगानं मांगे. एक दोडकं, एक पडवळ, दोन भेंड्या. अन् निवडाले अर्धा तास. येक डाव भाजी घेऊन गेला, अन् घंट्याभरानं वापस आला, हातात भेंडी. मले वाटलं पैसे मांगते. त्यानं भेंडी उभी चिरेल होती. आत अळी.

"हे पाह्य," म्हने. "हे तुह्या वट्ट्यावरची हाय. इचं घर मी चुकून नेलं. वापस घे."

"दादा, फेकून देता तं?"

"कोठी फेकू? माह्या घरी तिचं कोनी नाई."

अन् ते भेंडी माह्या टोपल्यात ठेवून, उन्हातान्हाचा तसाच पायी गेला. बाजूच्या भाजीवाल्या हासून हासून लोळल्या. मी नाई हासली. मले समजेच ना का हासाव का भ्याव.

त्याची बायको गेली ते मले भाजीवरूनच समजलं. थ्या साली श्रावनात त्यानं काईच नेलं नाई. भादवा आला अन् तो टोपल्यापुढं उभा राह्यला. "सोळा भाज्या दे," म्हने. "एक बी कमी नोको."

भादव्यात आपल्याइकडे महालक्ष्म्या बसतेत, मोठी अन् लहानी, दोघी भयनी, तीन दिवसाच्या पाव्हन्या. त्याईले सोळा भाज्या, आंबील, पुरन, वरून फुलोरा. या लाइनीतल्या चारी घराइच्या महालक्ष्म्या एकच. भाऊ वायले झाले तवा भांडे वाटले, म्हशी वाटल्या, पन देव्या वाटता आल्या नाईत. थ्या बुढ्याच्या मधल्या खोलीत राह्यल्या, अन् तीन दिवस चारी घरं तिथंच जेवत.

थ्या दिवशी पडवळ नव्हतं माह्यापाशी. मी म्हनलं, दुपारी आनून देतो घरी. दुपारी गेली. दरवाजा उघडाच. आत पाह्यलं अन् माह्या हातातलं पडवळ खाली पडलं.

हा मिशावाला बुढा, मांडी घालून बसेल, तोंडात टाचन्या, अन् मोठ्या देवीले नऊवारी नेसवून राह्यला होता. निऱ्या अशा बारीक का दोऱ्यानं मोजल्यावानी. जिनिंगचे लोखंड उचलनारे ते हात, अन् काठ असा सरळ धरेल. मी बाईमानूस असून मले असं लुगडं नेसता येत नाई.

त्यानं टाचन्या तोंडातून काढल्या. "काय पाह्यतं वो बाई? मानूस नाई पाह्यला काय कदी?"

"बाईमानसाचं काम हे, दादा..."

"बाई गेली. काम राह्यलं," तो म्हने. अन् टाचन्या वापस तोंडात.

असा तो. मंग बारा वर्सं त्यानंच बसवल्या. सैपाक लाइनीतल्या बाया करत, पन देव्याइले हात त्याचा.

त्याचा लहाना भाऊ हाय, त्याची बायको म्हनजे लाइनीतली खरी मालकीन. मी तिले बाजूची म्हनतो. बाजूचीच्या पोराले बुढ्याच्या घरात शटर टाकून मोबाइलचं दुकान लावाचं होतं. बुढा म्हने, "अन् देव्या?" तं पोरगा म्हने, "पाहू ना काका, मांगं एखाद्या कोपऱ्यात." थ्या दिवशीच बुढ्यानं पुठ्ठं लिहून घडीखाली टांगलं.

आता मी गेली तवाची गोष्ट. घर दाखवाच्या आंधी त्यानं घराचे ऐब दाखोले. जिथं जिथं पानी गळे तिथं फरशीवर खडूनं गोल काढेल होते. सात गोल. "हा मिरगाचा. हा पोळ्याचा, पोळ्याच्या आंधी हा गळत नाई. हा लबाड हाय, एक साल गळते, एक साल नाई." मंग माहा कान भित्तीले लावाले लावला. पलीकडं बाजूची कोनाले तरी शिव्या देऊन राह्यली होती.

"आयकू आलं?"

"आलं."

"तुहं बी तिले आयकू जाईन. भित्त दोघाइची हाय. खिळा ठोकला तं दोन घराले लागते."

मी भित्तीवर हात फिरोला, दरवाजा दाबून पाह्यला. तं रागावला. "घर काय वांगं हाय काय, दाबून पाहाले? घराचं मले इचार."

आलेल्या दर मानसाले तो सोळा भाज्या इचारे. माह्या आंधी एक मास्तर आला होता. त्यानं बोटावर मोजत मोजत नऊ सांगतल्या, अन् धाव्वी म्हने पनीर. बुढ्यानं त्याले च्या पाजला अन् बाहीरचा रस्ता दाखोला. मले इचारलंच नाई. मीच त्याले जनमभर सोळा देल्ल्या, मले काय इचारनार?

भाव बी त्यानं घासला नाई. मी म्हनलं तेच्यात हो म्हने. येवढं सोपं काई माह्या जनमात झालंच नव्हतं. अन् मंग तो म्हने,

"एकच हाय. थ्या दोघी अठून उठनार नाईत. दर भादव्यात तू बसवाच्या. तुह्या हातानं."

मी म्हनलं, "दादा, मी रांडमुंड बाई."

"मंग?"

"माह्या हातानं कशा बसन देव्या? लोक मले थ्या दिवशी समोर बी येऊ देत नाईत."

"अन् मी कोन हाव?" तो म्हने. "सवाष्ण हाव काय? मिशा पाह्य माह्या."

पोरगी तोंडाले पदर लावून बसली.

"आयक," बुढा म्हने. "थ्या दोघी भयनी तीन दिवस माहेरी येतेत. त्याईच्या संग नवरा कोनी पाह्यला काय कदी? माहेरी आलेल्या पोरीले कोनी नवऱ्याचं इचारते? मंग थ्या तुह्या नवऱ्याचं काऊन इचारन?"

हे असं कोनी बोलते काय? मी थ्याच पावली उठली. घर नोको म्हनलं. पोरगी रस्त्यानं भांडत आली, "माय, काई बी म्हनतं! हो म्हनाचं, मंग मी बसोली असती." मी म्हनलं, देवापुढं खोटं बोलून कडी लावाची काय? त्यापेक्षा गोठा बरा. अन् खरं सांगू तं मी भेली होती. माह्या पायी कोनाचं काई वाईट झालं असतं तं? लहानपनापासून हेच आयकेल ना, रांडवेची सावली, रांडवेचा हात.

पंधरा दिवस बाजारात गेली नाई मी. वट्ट्यावरून जाऊ तं फिटर दिसन, म्हून.

सोळाव्या दिवशी मी गोठ्यात वांगे निवडून राह्यली होती, तं दारात कोनीतरी उभं. पाह्यतो तं फिटर. घामानं भिजेल, खांद्यावर कापडाची पिशवी. मोताळ्यावरून पायी आला होता.

"दादा, तुमी अठी?"

तो खाली बसला, पिशवी सोडली, अन् आतून दोन मुखोटे काढले. पितळाचे, घासून लखलखीत. मोठी अन् लहानी. भादवा नाई, काई नाई, भर वैशाखात. अन् थ्या त्यानं माह्या टोपल्यात ठेवल्या. वांग्यामदी.

गोठ्यात! शेनामुताच्या जागी! मी मनात म्हनलं, आता वीज पडन. आता पडन.

"तू घरी येत नाई," तो म्हने, "म्हून थ्याच आल्या. आता उचल, नाईतं मी चाललो. थ्या राहातीन अठीच."

"दादा, पाया पडतो तुमच्या, घेऊन जा."

"तू उचल. मले देजो. मंग नेतो."

मंग मी लुगड्याले हात पुसले. पुसले, अन् वापस पुसले. अन् मोठीले उचललं. थंड होती. जड होती. मंग लहानीले.

काई नाई झालं. गाय रवंथ करत होती, करतच राह्यली. देराचं घर उभं होतं तसंच उभं राह्यलं.

"झालं?" बुढा म्हने. त्यानं मुखोटे पिशवीत टाकले, संग दोन वांगे बी टाकले. "सोमवारी रजिस्ट्रीले येजो."

रजिस्ट्रीच्या ऑफिसात बी त्यानं तमाशा केलाच. तिथल्या बाबूले म्हने, "देव्याइचं बी लिहा." बाबू म्हने, "आजोबा, देव कागदावर येत नाईत." तं म्हने, "मंग गळतीचे सात गोल लिहा. उद्या बाई म्हनन, फसोलं." बाबूनं पेन खाली ठेवला. तितक्यात बाजूचीचा पोरगा आला, सारं ऑफिस गोळा केलं. "काका, आपल्या देव्या बाहीरच्या बाईच्या हवाली करता?"

बुढा म्हने, "थ्या दर साली बाहीरूनच येतेत बे. दारातूनच त्याईले आत घ्या लागते. तुले ठाव नाई, तू थ्या टायमाले मोबाइल पाह्यत राह्यतं."

मी अंगठा लावला. थ्याच दिवशी त्यानं दोन पिशव्या उचलल्या अन् भाच्याकडे, साखरखेर्ड्याले गेला. जाता जाता येवढंच म्हने, "कडी खालून वर ढकलजो, नाईतं अडकते." तो गेल्यावर मी कडी लावली. उघडली. वापस लावली. पोरगी म्हने, "माय, काय करून राह्यली?" मी म्हनलं, काई नाई.

पन बाजूचीनं त्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, मले नाई, रस्त्यावर उभी राहून साऱ्या गल्लीले. "रांडव बाईच्या हातानं देव्या बसन, अन् आमी तिथी जेवू? आमची सावली बी पडनार नाई थ्या दारात." भित्त दोघाइची, म्हून मले दोनदा आयकू आलं, एक डाव रस्त्यावरून अन् एक डाव भित्तीतून.

भादवा आला. पोरी आल्या. म्हने, "माय, आमी बसवतो, तू फक्त बसून राह्य." मी म्हनलं, नाई. जबान देल्ली म्या. दारातून मुखोटे मीच आत आनले. लुगडे मीच नेसोले. फुगले कुठी, लोंबले कुठी, पन नेसोले. दुसऱ्या दिवशी जेवन. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरनपोळी, सारं. लाइनीतले पंधरा मानसं, अन् आल्या-गेल्याचे दोन, म्हून सतरा पानं मांडले.

कोनी आलं नाई.

दुपार कलली. भित्तीपलीकडं बाजूचीचा कुकर वाजला. महालक्ष्मीच्या जेवनाच्या दिवशी कुकर! माही मोठी पोरगी खाली बसून रडाले लागली. अन् या जेवनाची रीत अशी, का ताट घराबाहीर जात नाई. दारोदारी नेऊन देऊ म्हनलं तं ते बी नाई. येवढं अन्न देव्याइपुढं तसंच राह्यलं, तं पुढच्या साली काय तोंडानं बोलवाचं त्याईले? अन् नाई बोलवलं तं फिटरच्या घरात मी कोन?

तितक्यात फिटरच आला. साखरखेर्ड्यावरून, यष्ट्या बदलत बदलत. दारात उभा राह्यला अन् कडी वाजोली. सोताच्याच घराची. मी म्हनलं, "या ना दादा." तं आला, देव्याइपुढं हात जोडले, रिकामे पानं पाह्यले. पयल्या पानावर बसला अन् पोटभर जेवला. दोन डाव आंबील मांगली. मी देव्याइकडे पाह्यत होती, का हा आता निऱ्या नीट करन. त्यानं हात बी लावला नाई.

जेवल्यावर उठला, अन् चुलीजवळचे खरकटे भांडे उचलले. कढई, पुरनाचं पातेलं, कढीचा मोठा पितळी गंज. सारे दोन्ही हातानं बाहीर नेले, रस्त्यावरच्या नळाखाली. धोतर वर खोसलं, उकिडवा बसला, अन् राखेनं घासाले लागला.

मी धावत गेली. "दादा, काय करता हो हे! उठा!"

"तू पानाजवळ बस. मले काम हाय."

लाइनीतला सगळ्यात मोठा मानूस. ज्याच्या पुढून बाया पायातल्या चपला हातात घेऊन जात. तो भर रस्त्यात रांडव बाईचे खरकटे भांडे घासून राह्यला. दरवाजे उघडले. चुलतभाऊ बाहीर आले, पाह्यलं, कोनाले समजेना काय कराव. लहाना भाऊ आला अन् तोंड फिरवून आत गेला. बुढ्याच्या मिशाले राख, कोपरापर्यंत काळे हात. कोनाकडं पाह्यना, नुसता घासे.

मंग बाजूची आली.

आमच्याइकडे लहान्या भावाची बायको भासऱ्यासंग, नवऱ्याच्या मोठ्या भावासंग, बोलत नाई. डोक्यावर पदर, नजर खाली, काई सांगाचं तं दुसऱ्याच्या तोंडून. बाजूची चाळीस वर्सं या लाइनीत हाय. चाळीस वर्सात तिनं फिटरसंग एक शबुद बोलेल नव्हती. थ्या दिवशी बी पदर नाकापर्यंत ओढून उभी राह्यली. घसा खाकरला. बुढा घासतच राह्यला. वापस खाकरला. तो घासतच.

अन् ती एकदम वरडली.

"ठेवा तो गंज! ठेवा म्हनतो ना! आमी जित्त्या असता तुमी रस्त्यावर भांडे घासता? लाज आनता काय आमाले?"

पोरगी रडाची थांबली.

बुढ्याचे हात थांबले. त्यानं मान वर केली, पन तिच्याकडे नाई, माह्याकडे पाह्यलं.

"बाई," मले म्हने, "इले बोलता येते. मले चाळीस वर्सं वाटे, भावानं मुकी करून आनली."

बाजूचीचं तोंड पदरात लाललाल झालं. तिनं वाकून त्याच्या हातातून गंज हिसकला, खसाखस दोन हात मारले, पान्यानं उभा धुतला. धुतला अन् तसाच हातात धरून उभी राह्यली. गंज माहा. ठेवाचा तं माह्या घरात. ती दाराकडे पाहे, गंजाकडे पाहे. अन् मंग आली. पदर तसाच, फाटकन आत आली, गंज चुलीपाशी आदळला.

वापस फिरली तं समोर थ्या दोघी. लय येळ पाह्यत उभी राह्यली.

"मोठीच्या निऱ्या उलट्या हायेत," म्हने.

"मले नऊवारी येवढी जमत नाई," मी म्हनलं.

तिनं हात धुतले अन् दुसऱ्या पानावर बसली. "वाढ. आंबील आंधी वाढ. अन् पोराले आवाज दे, म्हना मायनं कुकर उतरवून ठेव म्हनलं, अन् साऱ्याइले घेऊन ये."

मंग तिचा पोरगा आला, तिचा नवरा आला. चुलतभाऊ आले, त्याईच्या बाया आल्या, लेकरं आले. मी वाढत होती, कढी सांडत होती, अन् कोनी काई म्हनेना. सोळा पानं भरले. सतराव्यावर पोरगी बसली.

अन् बुढा बाहीर नळाखाली कढई घासत बसला होता. त्याले आता कोनी उठवाले गेलं नाई. सारे जेवत होते.